मैदानावरचे काका गेले, त्यांच्या नावाने सामना कसा घ्यावा?

नेरूळच्या एका तरुण खेळाडूने विचारलं आहे: आमच्या मैदानावर रोज संध्याकाळी येणारे काका गेल्या आठवड्यात गेले. तरुणपणी ते मुंबईत एका गिरणीच्या संघातून राइट विंगला खेळायचे, ७ नंबर. त्यांना बघायला माझे आजोबा काम सोडून कूपरेजवर, मुंबईच्या फुटबॉल मैदानावर, जायचे. आम्ही त्यांना खेळताना पाहिलेलं नाही, पण आमच्यातल्या निम्म्यांना बुटाची लेस बांधायला त्यांनी शिकवलं. त्यांच्या नावाने सामना घ्यायचा आहे. मौन पाळायचं की टाळ्या वाजवायच्या, ७ नंबर कायमचा बंद करायचा का, यावरून आमच्यात वाद चाललेत. त्यांचा एकही व्हिडिओ नाही. खेळताना बघितलंच नाही तर चाहते म्हणवून घ्यायचा तुम्हाला काय हक्क, असंही एक जण म्हणाला. काय करावं?

तुझा प्रश्न वाचून बराच वेळ तसाच बसून राहिलो. तू नाव लिहिलेलं नाहीस, पण नेरूळ, गिरणीचा संघ आणि ७ नंबर एवढ्यावर ओळख पटली. बातमी मला तुझ्याकडूनच कळली. मीही त्यांचा चाहता, त्यामुळे हे लिहिताना हात जड झाला आहे. तरी सविस्तर लिहितो, कारण गेली तीस-बत्तीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत आधी पंच आणि मग प्रशिक्षक म्हणून काम करताना गेलेल्या खेळाडूंच्या नावाने दहा-बारा सामने मी उभे केले. काही मनासारखे झाले. दोन असे झाले की आजही आठवलं की वाईट वाटतं. तुमचा त्या दोनांत जमा होऊ नये.

मौन, टाळ्या, नंबर याचं पुढे सांगतो. त्याच्या आधीचं काम वेगळं आहे. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्याविरुद्ध खेळलेली माणसं शोधा, आणि आजपासून शोधा. काका ऐंशीच्या घरात होते, म्हणजे त्यांच्या संघातले लोक पंचाहत्तर ते पंच्याऐंशीमधले. सामना दोन महिन्यांनी झाला तरी काही बिघडत नाही. या माणसांचं तसं नाही.

तू लिहिलंस की एकही व्हिडिओ नाही. नसणारच. मुंबईच्या त्या काळच्या फुटबॉलचं चित्रीकरण नावापुरतंच झालं. हारवूड लीग, म्हणजे मुंबईची स्थानिक फुटबॉल स्पर्धा, पावसाळ्यात, कूपरेजच्या चिखलात चालायची, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी यायच्या: कोण जिंकलं, किती गोल, कुणी केले. रोव्हर्स कप या मोठ्या स्पर्धेला जरा मोठी बातमी. बाकी सगळं बघणाऱ्यांच्या डोक्यात राहिलं, आणि ती डोकी आता एकेक करून चालली आहेत.

नेव्हिल डिसूझा हे नाव तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? वांद्र्याच्या टर्फला त्यांचं नाव आहे म्हणून काहींनी ऐकलं असेल. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून आपण ४-१ हरलो, तो एक गोलही त्यांचाच, आणि स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणाऱ्या तिघांत त्यांचं नाव आहे. मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा माणूस. १९८०च्या मार्चमध्ये गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. आकडे सगळे मिळतात. पण चेंडू अंगावर घेताना ते पाठ देऊन उभे राहायचे की अर्धं वळून, डाव्या पायावर किती भरवसा होता, गोल झाल्यावर हात वर जायचे की मान खाली घालून परत यायचे, हे सांगणारे लोक कूपरेजच्या कट्ट्यावर बसलेले असायचे तेव्हा वही घेऊन त्यांच्याजवळ फारसं कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. तेव्हा मला शिट्टीपलीकडे काही दिसत नव्हतं.

आता १९६२चं जकार्ता बघ. आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवलं, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे. मैदानात लाखभर लोक आणि बहुतेक आपल्या विरोधात. जर्नेल मूळचा बचावपटू. डोक्याला टाके पडलेले, म्हणून संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं, आणि त्याने तिथून गोल केला. ते टाके, ती पट्टी आपल्याला आज माहीत आहे, कारण पीके, चुनी गोस्वामी, बलराम ही त्या संघातली मंडळी पुढे आयुष्यभर ते सांगत राहिली आणि कुणीतरी विचारत राहिलं.

ते तिघेही आता नाहीत. पीके २० मार्च २०२०ला गेले, दोन दिवसांनी जनता कर्फ्यू लागला. चुनीदा ३० एप्रिलला गेले, ऐन टाळेबंदीत, आणि त्याच दिवशी ऋषी कपूर गेले. आमच्या घरातला टीव्ही दिवसभर ऋषी कपूर दाखवत होता. मी कोलकात्याच्या एका जुन्या पंचमित्राला फोन लावला आणि आम्ही दोघं पाऊण तास चुनीदांच्या एकाच ड्रिबलबद्दल बोललो: खांदा डावीकडे टाकायचे आणि चेंडूला पायच लावायचे नाहीत, समोरचा आपोआप बाजूला व्हायचा. माझ्या दृष्टीने चुनीदांची शोकसभा तीच झाली. बलराम १६ फेब्रुवारी २०२३ला गेले.

तर वही घ्या. फोनवर आवाज टिपा, पण वहीही हवीच, कारण म्हाताऱ्या माणसाला समोर कुणीतरी लिहून घेतंय हे दिसलं की तो जपून आणि नीट बोलतो. दोघांनीच जा. पाच-सहा जण गेलात तर त्यांचं भाषण सुरू होईल. "काका कसे होते हो?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: देवमाणूस, खूप साधे, असा खेळाडू होणे नाही. हे सगळं खरं असेल, पण त्यातून काका दिसत नाहीत. लहान, नेमकं विचारा. लाइनीपासून किती लांब उभे राहायचे? तुम्ही चेंडू द्यायच्या आधी ते हाक मारायचे की नुसता हात दाखवायचे? पावसात कुठले बूट? मार बसला की उठून काय करायचे? आणि "विंगर" म्हणू नका, "राइट आउट" म्हणा. त्यांच्या काळात तोच शब्द. लेफ्ट इन, सेंटर हाफ, राइट आउट. त्यांचा शब्द तुमच्या तोंडून ऐकला की कुलूप उघडतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गेलेल्या खेळाडूसाठी मी ठाण्यात नौपाड्याला एका जुन्या फुलबॅककडे, म्हणजे बचावपटूकडे, गेलो होतो. पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पाय स्टुलावर. पहिली दहा मिनिटं "चांगला होता", "मेहनती होता" एवढंच. मग मी विचारलं, तो तुमच्या अंगावर यायचा तेव्हा तुम्ही कुठल्या पायावर भार ठेवायचा? ते गप्प झाले. बायकोला म्हणाले, "चार वाट्या आण गं." चिवड्याच्या वाट्या आल्या. त्यांनी चिवडा एका ताटलीत ओतला आणि रिकाम्या वाट्या टीपॉयवर मांडल्या. "हा मी. हा माझा हाफ. हा तो. आणि हा चेंडू," असं म्हणून शर्टाचं एक सुटं बटण ठेवलं. मग ती वाटी हळूहळू माझ्या बाजूला सरकवत आणली, बटण तिच्या मागेच राहिलं. "बघितलंस? तो आधी यायचा आणि चेंडू नंतर. मी त्याच्याकडे बघायचो आणि चेंडू दुसऱ्याकडून पलीकडे गेलेला असायचा. आठ वर्षं मला हे कळलं नाही." असं म्हणून ते वाटीकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोने दारात उभं राहून सांगितलं की वर्षभरात हे एवढं बोलले नव्हते.

त्या वाट्या आणि बटणाचं मी स्मृतिसामन्याच्या आधी पंधरा वर्षांखालच्या मुलांना करून दाखवलं. त्यातल्या एकाने सामन्यात तसं करून बघितलं. जमलं नाही, चेंडू गेला. पण कट्ट्यावर बसलेल्या तीन म्हाताऱ्यांना तो काय करायला गेला ते बरोबर कळलं, आणि ते तिघेही उभे राहिले.

आता एक सावधगिरी. आठवण वाढत जाते. तुमचे आजोबा सांगतील की काकांनी अर्ध्या मैदानातून गोल मारला. दुसरा सांगेल डीच्या बाहेरून. पेपरातली बातमी सांगेल की पेनल्टी होती. तिघंही खोटं बोलत नसतात, पन्नास वर्षांत तीन सामने एकमेकांत मिसळलेले असतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, ते १८९३पासून आहे, जुन्या अंकांची चौकशी करा. मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांतही करा. तारीख नेमकी माहीत नसेल तर निदान वर्ष आणि स्पर्धा विचारून घ्या, मग पानं चाळणं आटोक्यात येतं. माझा नियम असा: फलकावर किंवा पत्रिकेत छापायचं ते दोन ठिकाणी पडताळलेलंच. बाकीचं तोंडी सांगायचं, आणि कुणाच्या तोंडचं ते सांगायचं. अर्ध्या मैदानातला गोल आजोबांच्या नावाने जरूर सांगा. तो आजोबांचा आहे.

घरच्यांबद्दल. तेरावं होईपर्यंत काहीही ठरवायला जाऊ नका. नंतर जा, आणि सामना घ्यायचा का हे आधी काकूंना विचारा. तारीख घेऊन जाऊ नका. कदाचित त्यांना नको असेल. तसं झालं तर सामना न घेताही वही करता येते. फोटो मागताना मूळ प्रत घरातून बाहेर नेऊ नका. त्यांच्याच टेबलावर, खिडकीजवळच्या उजेडात फोनने फोटो काढा, मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तेही. जुन्या संघाच्या फोटोत नावं विचारून लगेच लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे, बसलेले आणि उभे वेगळे. आणि पदकं, ब्लेझर, करंडक प्रदर्शनासाठी मागू नका. मी सुरुवातीला म्हटलेल्या दोन सामन्यांपैकी एकात हेच झालं. एका संस्थेने एका माजी खेळाडूचा महाराष्ट्र संघाचा ब्लेझर मांडणीसाठी नेला आणि तो कधीच परत आला नाही. कुणी म्हणालं कपाटात आहे, कुणी म्हणालं कार्यालय हलवताना गेला. त्याच्या मुलीला ब्लेझर द्यायला लावला होता मी. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते आजही सलतं.

दुसऱ्या सामन्यात फ्लेक्स नडला. मैदानाच्या दारात मोठा फ्लेक्स लागला, त्यावर शुभेच्छुकांचे अकरा चेहरे, आणि ज्याच्यासाठी सगळे जमलो होतो त्याचा फोटो कोपऱ्यात पासपोर्टएवढा. त्याची म्हातारी आई आली होती. ती फ्लेक्ससमोर उभी राहून मुलगा शोधत होती. तुमच्या सामन्याला कुणी मदत देत असेल तर घ्या, त्यांचे आभार माइकवर माना, पण फोटो एकच लावा आणि तो काकांचा, तोही मैदानाच्या आत. बाहेर रस्त्यावर पालिकेच्या परवानगीशिवाय काही लावू नका.

पैशाचं थोडक्यात. कुटुंबाला गरज आहे का हे एखाद्या मोठ्या माणसाने एकट्याने, हळूच विचारावं. असेल तर वर्गणी एका खात्यात, हिशेब लेखी, आणि रक्कम घरी जाऊन द्यायची. मैदानावर मोठा चेक हातात देऊन फोटो काढायचा नाही. गिरणीच्या खेळाडूंना नोकरी फुटबॉलमुळे मिळायची, खेळ संपला की खात्यात काम. १९८२च्या संपानंतर त्यातल्या अनेकांचं ते खातंही गेलं. नवी मुंबईत मिळालेलं घर आणि एवढीशी शिल्लक यावर त्यांनी पुढची वर्षं काढली. काकांनी हे कधी बोलून दाखवलं नसेल, म्हणून सांगून ठेवतो.

सामना. सकाळी साडेसहाला सुरू करा, नऊच्या आत संपवा. मुलांचा एक आणि जुन्या खेळाडूंचा एक. जुन्यांचा पंधरा-पंधरा मिनिटांचा, हवे तेवढे बदली खेळाडू, सरकून टॅकल बंद. हे आधी दोन्ही कप्तानांना सांगा आणि पंचालाही. पन्नाशीतला माणूस बूट घातला की पंचविशीचा होतो आणि पहिल्याच धावेत मांडीचा स्नायू धरतो. त्याहून मोठी भीती हृदयाची. छाती दाबून जीव वाचवायचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक माणूस मैदानात हवाच, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं असतं हे त्याला हाताने माहीत असलं पाहिजे. १०८ला फोन कोण लावणार हे आधी ठरवा आणि रुग्णवाहिका आत येईल असं फाटक उघडं ठेवा. तिथे स्कूटर लावू देऊ नका. शोकाच्या दिवशी दुसरा शोक नको.

आता मौन की टाळ्या.

आपल्याकडे उभं राहून मौन पाळणं ही ओळखीची गोष्ट आहे, दर ३० जानेवारीला सकाळी अकराला हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं उभं राहतो तशी. मैदानावर टाळ्यांची पद्धत आपल्याकडे टीव्हीवरून आली. इंग्लंडमध्ये २५ नोव्हेंबर २००५ला जॉर्ज बेस्ट हा नावाजलेला फुटबॉलपटू गेला, त्यानंतर तिथल्या मैदानांवर मिनिटभर टाळ्या वाजवायची रीत जोरात रुजली. बरोबर पंधरा वर्षांनी, त्याच तारखेला, मॅराडोना गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांचं म्हणणं असं की हा माणूस आम्हाला आनंद द्यायचा, मग त्याला निरोपही तसाच द्यावा. मौनवाल्यांचं म्हणणं असं की गेलेल्या माणसासमोर आवाज करू नये. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणून तुमच्यातला वाद मिटणार नाही.

मी दोन्ही करतो, वेगवेगळ्या वेळी. सामन्याआधी दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती, दंडाला काळी फीत, पंचाच्या शिट्टीने सुरू आणि शिट्टीने बंद, पूर्ण एक मिनिट. घड्याळ लावून एक मिनिट. पस्तीस सेकंदांत शिट्टी मारणारे पंच मी पाहिले आहेत, आणि त्या पंचवीस सेकंदांचा मला राग येतो. त्याआधी कट्ट्यावरच्या लोकांना फोन बंद करायला सांगा, चहावाल्याला स्टोव्ह बारीक करायला सांगा, लहान मुलांना सांगा की मनात साठपर्यंत मोजा. लोकलचा आवाज येईल, येऊ दे. मग खेळ सुरू झाल्यावर सातव्या मिनिटाला टाळ्या, मिनिटभर, खेळ न थांबवता. २०२५च्या जुलैमध्ये दिओगो जोटा हा लिव्हरपूल क्लबचा खेळाडू गेला तेव्हा तिथले चाहते विसाव्या मिनिटाला त्याचं गाणं म्हणू लागले, कारण त्याचा नंबर २०. काकांचा ७. पंचाला आधी सांगून ठेवा म्हणजे तो गोंधळणार नाही, आणि गोलकीपरलाही. नाहीतर टाळ्या ऐकून तो मागे वळून बघतो. हे माझ्या एका सामन्यात झालं आहे आणि गोल झाला आहे.

७ नंबर बंद करू नका, असं माझं स्पष्ट मत. मोठ्या क्लबांची गोष्ट वेगळी. गोव्याच्या डेंपो क्लबने आपल्या क्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझिलियन खेळाडूची १० नंबरची जर्सी बंद केली, कारण तो २००४च्या डिसेंबरमध्ये बंगळूरूला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोल करताना मैदानातच कोसळला आणि गेला. त्या जर्सीत पुन्हा कुणाला बघणं सहकाऱ्यांना झेपलं नसतं. काका आयुष्य जगून, शेवटपर्यंत मैदानावर येऊन गेले. तुमच्याकडे जर्सी अठरा, त्यातली एक खिळ्याला टांगली तर पाच वर्षांनी आलेल्या मुलाला तो नुसता धुळीचा कपडा दिसेल. ती मुलाच्या अंगावर असू द्या. दर वर्षी हंगाम सुरू होताना ७ नंबर ज्याला मिळेल त्याने ती वही घरी न्यायची, वाचायची, आणि काकांची एक तरी गोष्ट सगळ्यांसमोर करून दाखवायची. सांगायची नाही, करून दाखवायची, चेंडूसकट.

आणि ज्याने तुमच्या हक्काबद्दल विचारलं त्याला २५ नोव्हेंबर २०२०ची रात्र सांग. मॅराडोनाची बातमी आली तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात मी, शेजारचे बंगाली दादा आणि खालचे मल्याळी कोच तोंडाला मास्क लावून एकेक पायरी सोडून बसलो होतो. तिघांपैकी एकानेही त्याला मैदानात खेळताना पाहिलेलं नव्हतं. दादांनी २००८ला तो कोलकात्यात आला तेव्हा गर्दीत लांबून डोकं तेवढं बघितलेलं, कोचनी २०१२ला कण्णूरमध्ये. केरळ सरकारने क्रीडाक्षेत्रात दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. १९८६ साली इंग्लंडविरुद्ध पाच-सहा जणांना मागे टाकत त्याने केलेला गोल आम्ही तिघांनीही टीव्हीवर पाहिलेला, आणि तरी कोच रडत होते. तुम्हाला तर काकांनी हाताने लेस बांधून दिली आहे. तुमचा हक्क आमच्यापेक्षा मोठा आहे.

माझ्याकडच्या दोन गोष्टी वहीत लिहून घे.

२५ ऑक्टोबर २०१७. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य लढत, स्पेन आणि माली. स्पेन ३-१ जिंकलं. आम्ही नेरूळ स्टेशनवरून पोरांची रांग करून चालत गेलो होतो, काका सगळ्यांत पुढे. पूर्ण सामन्यात ते चेंडूकडे फारसं बघतच नव्हते, स्पेनच्या राइट आउटकडे बघत होते. फेरान टोरेस. त्याने तिसरा गोल केला तेव्हा सगळे उभे राहिले, काका बसूनच. मला म्हणाले, "हा पोरगा आत घुसतो. आम्हाला लाइन सोडली की ओरडा खायला लागायचा." जरा वेळाने म्हणाले, "मला पण आत जावंसं वाटायचं." पाच वर्षांनी तोच टोरेस कतारच्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध दोन गोल करताना टीव्हीवर दिसला, तेव्हा दुसऱ्या मिनिटाला काकांचा फोन आला. फक्त एवढंच: "आत गेला बघ."

दुसरी १९९६ची. वाशीत व्हेटरन्सचा सामना, मी पंच. पावसाळा नुकताच संपलेला, कोपऱ्यात गवत वाढलेलं. काकांना कॉर्नर मिळाला. त्यांनी चेंडू ठेवला, वाकून बघितला, पुन्हा उचलला आणि हातात फिरवला. अंगठा चेंडूवरून असा फिरला जसा आंधळा माणूस नाणं चाचपतो. पुन्हा ठेवला, मागे आले, मारला. दुसऱ्या कॉर्नरलाही तेच. मला वाटलं वेळ काढतायत, मी घड्याळाकडे बोट दाखवलं. सामना संपल्यावर विचारलं, चेंडू फिरवत काय होतात? तर हसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "शिलाई रे." शाळेत असताना ते ज्या चामड्याच्या चेंडूने खेळले, त्याचं तोंड वादीने शिवलेलं असायचं. पावसात चामडं पाणी प्यायचं, चेंडू दगड व्हायचा, आणि हेड करणाऱ्याच्या कपाळावर ती वादी लागली तर रक्त यायचं. म्हणून कॉर्नर मारताना शिलाई आपल्या बाजूला ठेवायची, सेंटर फॉरवर्डच्या बाजूला नाही. बिनवादीचे चेंडू येऊन कित्येक वर्षं झाली होती. अंगठा अजून वादी शोधत होता.

त्यांच्या कॉर्नरवर हेड करणारे त्यांचे सेंटर फॉरवर्ड हयात आहेत, कळव्याला मुलाकडे असतात. तुला त्यांचा पत्ता निरोपाने पाठवतो. ऐकायला कमी येतं, त्यामुळे फोन करू नकोस, थेट जा. दुपारी दोननंतर झोपतात, अकराच्या सुमाराला जा. साखर आहे, मिठाई नेऊ नकोस. एखादा जुना चामड्याचा चेंडू कुठे मिळाला तर तो ने, आणि काही न विचारता त्यांच्या हातात दे.